घेवडा म्हणजे नक्की कोणता? कडधान्यं ओळखायची, भिजवायची आणि शिजवायची कशी

माझं माहेर अलिबागकडचं आणि सासर कोरेगावचं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका रात्री सासूबाई म्हणाल्या, "उद्याला वाटीभर घेवडा भिजत घाल गं." मी फ्रीजमधून श्रावणघेवड्याच्या कोवळ्या शेंगा काढल्या, धुतल्या आणि मुकाट्याने पाण्यात ठेवल्या. शेंगा कशाला भिजवतात असं मनात आलं होतं, पण नव्या सुनेने किती प्रश्न विचारायचे! सकाळी पातेल्यावरचं झाकण काढून सासूबाई आधी गप्प झाल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. त्यांचा घेवडा म्हणजे डब्यातला सुका दाणा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. हा कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा. त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याचे भाऊबंद देशभर राजमा म्हणून विकले जातात.

तशी मीही अगदीच चुकले नव्हते. श्रावणघेवडा, फरसबी, राजमा, वाघ्या घेवडा ही सगळी एकाच जातीची रूपं. शेंग कोवळी तोडली तर भाजी, झाडावर वाळू दिली तर कडधान्य. पण काही गावांत वालाच्या चपट्या शेंगांनाही घेवडाच म्हणतात, आणि त्या वेगळ्याच वेलाच्या. आमच्याकडचे कुळीथ सासरी हुलगे झाले. चवळईच्या पालेभाजीचा चवळीच्या दाण्याशी काही संबंध नाही. ती राजगिऱ्याच्या गोतातली.

तेव्हापासून मी नावावर विसंबणं सोडलं. दाणा तळहातावर घ्यायचा, साल किती जाड ते बघायचं, जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो तो डोळा बघायचा, आणि रात्रभर पाण्यात टाकून कसा वागतो ते बघायचं. एवढं कळलं की अनोळखी कडधान्यही शिजवता येतं. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी गोत्र तपासू

शेंगेत दाणे धरणाऱ्या या वनस्पतींचं कुळ प्रचंड मोठं आहे. मूग, तूर तर त्यात आहेतच. शिवाय मेथी, गवार, चिंच, इतकंच काय बाभूळही याच कुळातली. शेवगा मात्र नाही, शेंगा लागत असल्या तरी. भेंडीही नाही.

यातल्या प्रत्येकाच्या बीला कडधान्य म्हणत नाहीत. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना, जिच्या पुढाकाराने २०१६ हे कडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ती फक्त वाळलेल्या दाण्यासाठी घेतलेल्या पिकांना कडधान्य मानते. हिरवा मटार आणि फरसबी तिच्या हिशेबात भाजीत जातात. शेंगदाणा आणि सोयाबीन तेलासाठी पिकतात म्हणून तेलबियांत.

आपल्या उपवासाचा हिशेब तर आणखी वेगळा. एकादशीला मूग चालत नाही आणि त्याच कुळातला शेंगदाणा साबुदाण्याच्या खिचडीत मूठमूठभर पडतो. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे गेल्या काही शतकांतच आलेला. जुन्या निषिद्ध यादीत त्याचं नाव असणार तरी कुठून? हा माझा तर्क आहे, धर्मशास्त्र नव्हे.

स्वयंपाकघरातली घराणी

वनस्पतिशास्त्राची वर्गवारी आणि स्वयंपाकघरातली वर्गवारी बरीचशी जुळते. म्हणूनच ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिलं घराणं मुगाचं. मूग, उडीद, मटकी, चवळी हे सख्खे-चुलत. पहिले तिघे इथल्याच मातीतले, चवळी आफ्रिकेतून फार पूर्वी आलेली. पावसाळी पिकं. साल पातळ, दाणा लहान, पाणी पटकन पितात, मोड झकास येतात आणि कुकरची गरज क्वचितच लागते. मूग आणि काळा उडीद शेजारी ठेवून बघा: उडदाचा पांढरा डोळा चांगला उठून दिसतो, मुगाचा चपटा असतो. उडदात एक चिकटपणा आहे जो मुगात नाही. इडलीचं पीठ फुगून वर येतं आणि तसंच टिकतं ते त्यामुळे. साताऱ्या-कोल्हापूरकडचं उडदाचं घुटं दाट आणि गुळगुळीत होतं तेही त्यामुळेच. मटकी तर दुष्काळी भागाची सोबतीण. राजस्थानच्या वाळूतही पिकते. महाराष्ट्रात तिला मिसळीने राज्यपद दिलं.

दुसरं घराणं थंडीचं: हरभरा, वाटाणा, मसूर आणि लाख, म्हणजे लाखोळी. हे सगळे पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचे, रब्बीत पिकणारे. यांच्या दाण्याच्या दोन फाका उगवताना जमिनीतच राहतात, वर फक्त कोंब येतो. मूग, चवळी, वाल उगवताना मात्र दोन्ही फाका डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतात. कुंडीत दोन-दोन दाणे टाकून बघा, मुलांना फार आवडतं. या घराण्यात मसूर सगळ्यात नाजूक. चपटा, दोन्हीकडून फुगीर. भिंगाला इंग्रजीत जे नाव आहे ते याच्याच लॅटिन नावावरून पडलं. सांगली-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर आणि रोटी खाल्ल्याशिवाय मसुराला आजाऱ्याचं जेवण म्हणू नये.

हरभरा हा एकटाच अख्खं स्वयंपाकघर चालवू शकतो. कोवळा पाला भाजीला, हिरवे सोलाणे आमटीला, घाटे शेतातच भाजून हावळा, वाळल्यावर उसळ, डाळ, बेसन आणि भाजून डाळं. याच्या पानांवर आंबट दव जमतं, त्याला आंब म्हणतात. पहाटे रोपांवर फडकं फिरवून ती पिळून घ्यायची जुनी रीत आहे.

तिसऱ्यात मी जाड सालीचे हट्टी दाणे टाकते: वाल, पावटे, कुळीथ आणि अख्खी तूर. वनस्पतिशास्त्रात ही तीन वेगळी घरं, पण पाण्यात टाकली की सारखीच ताठर. कडवे वाल, गोडे वाल आणि पावटे ही एकाच जातीची वाणं. तिघांच्याही एका कडेला पांढरी ठसठशीत रेघ असते. ती दिसली की वालाचंच गोत्र समजा, दुकानदार काहीही म्हणो. कोकणात भात कापल्यावर जमिनीत जो ओलावा उरतो, त्यावर वाल होतात, पाणी द्यावं लागत नाही. जानेवारीत ओल्या शेंगा आल्या की रायगडात त्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भाजतात, म्हणजेच पोपटी लावतात. त्यावर लिहायला बसले तर हा लेख तिथेच संपेल. तूर इथलीच, आणि आपण ती बहुतेक डाळ म्हणूनच खातो. विदर्भात थंडीत तिचे ओले सोले निघतात, त्यांची भाजी आणि कचोरी होते. ती ज्याने खाल्ली नाही त्याला तूर निम्मीच माहीत आहे.

राजमा-घेवडा हे चौथं घर, अमेरिका खंडातून आलेलं. मोठा, पिठूळ दाणा. पोर्तुगीजांबरोबर जगभर फिरलेल्या पिकांपैकी हे एक. गोव्यात मात्र रोजच्या तोणाकाला, म्हणजे नारळाच्या वाटणाच्या रश्श्याला, मान अळसांद्यांचा, आणि ते चवळीच्या घराण्यातले.

सोयाबीन आणि शेंगदाणा राहिले. दोघांत तेल भरपूर. सोयाबीन कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये. प्रथिनं पचू न देणारे घटक त्यात असतात आणि ते नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतात. शेंगदाण्याला बुरशी लागलेली दिसली किंवा दाणा खवट, कडू लागला तर तो निवडत बसू नका, सगळाच टाका. त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

दुकानात

"ताई, वाल गावठी आहेत," असं दुकानदार म्हणाला म्हणजे ते गावठी झाले असं नाही. मूठभर दाणे पसरून चार गोष्टी बघायच्या.

रंग एकसारखा ताजा आहे का? जुना दाणा निस्तेज आणि काळपट होत जातो. आकार एकसारखा आहे का? नवे-जुने मिसळलेले असतील तर अर्धे शिजून गळतात आणि अर्धे टणक राहतात. दाण्यावर बारीक गोल भोक असेल तर आतून भुंगा निघून गेलेला आहे. आणि दाण्याच्या सालीवर पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी. ते भोकापेक्षा वाईट, कारण भुंगे अजून निघायचे आहेत.

डाळ घेताना फार चकचकीत नको. पॉलिशला काही चव नसते. सालीची मूगडाळ मिळत असेल तर घरात ती एक असावीच.

भिजवणं: दाणा बघायला शिका

घड्याळाचे आकडे देतेच, पण एकदा काचेच्या वाटीत मूठभर वाल भिजवून दर अर्ध्या तासाने बघा. आधी साल सैल होऊन सुरकुतते, म्हातारीच्या हातासारखी. पुष्कळजण इथेच फसतात, कारण दाणा मोठा झालेला दिसतो. पण पाणी अजून सालीखालीच असतं. पुढच्या काही तासांत आतली डाळ फुगून ती सुरकुती भरून काढते आणि दाणा पुन्हा तुकतुकीत, ताणलेला होतो. आता भिजला. खात्री हवी तर एक दाणा नखाने चिरा: मध्यभागी फिकट, कोरडा, खडूसारखा ठिपका दिसला तर अजून वेळ द्या.

१. निवडा, मग दोन-तीनदा चोळून धुवा. पाण्यावर तरंगणारे दाणे काढून टाका. ते किडके किंवा पोचट.

२. दाण्याच्या तिप्पट-चौपट पाणी घाला. भांडं मोठं घ्या. भिजलेल्या कडधान्याचं वजन साधारण दुप्पट होतं, आणि काठोकाठ भरलेल्या वाडग्यातले छोले रात्री ओट्यावर येतात.

३. वेळ: अख्ख्या मसुराला दोन तास पुरतात. मूग, मटकी, चवळीला सहा ते आठ. हरभरा, वाटाणा, राजमा, पावटे आठ ते दहा. कुळीथ आणि कडव्या वालांना पूर्ण बारा. मे महिन्यात मसूर सोडून बाकीच्यांतून दोन तास कमी करा आणि पाणी एकदा बदला, नाहीतर आंबूस वास येतो. डिसेंबरात कोमट पाण्यात घाला.

४. राजमा आणि छोल्यांच्या पाण्यात लिटरला चमचाभर मीठ घाला. मिठाने दाणा कडक होतो असं मीही वर्षानुवर्षं मानत होते. उलट आहे. सालीला घट्ट धरून ठेवणारं कॅल्शियम मिठातल्या सोडियममुळे थोडं सुटं होतं आणि साल मऊ पडते.

५. भिजवलेलं पाणी ओतून द्या. झाडांना घातलं तरी चालेल.

विसरलात तर? पाणी खळखळून उकळा, धुतलेले दाणे त्यात टाका, दोन मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवा. रात्रभराची सर येत नाही, पण पाहुण्यांपुढे वेळ निभावते.

आता गणंगाबद्दल. सगळे दाणे फुगतात आणि चार-पाच तसेच बारीक, खड्यासारखे राहतात. त्यांना गणंग म्हणतात. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरतच नाही. ते कितीही शिजवले तरी दाताखाली खटकन येतात, आणि नेमके पाहुण्यांच्याच दाताखाली येतात. भिजवल्यावर मोड आणायच्या आधी ताटात पसरून ते वेचायचे. हे काम आमच्याकडे आजीचं होतं. तिची नजर अधू झाल्यावर ती नुसत्या बोटांनी गणंग काढायची.

मोड

भिजलेलं कडधान्य चाळणीत अर्धा तास निथळू द्या. मोड बिघडतात ते बहुतेक वेळा इथल्या घाईने. ओल हवी, पाणी नको. मग सुती फडक्यात सैलसर गाठोडं बांधा, चाळणीत ठेवा, वर झाकण. मटकी आणि मुगाला उन्हाळ्यात बारा तास पुरतात, थंडीत चोवीस. कुळीथ-वालांना चोवीस ते छत्तीस. फडकं वाळलं तर पाण्याचा हबका मारा.

परदेशात हिवाळ्यात मोड येत नाहीत ही तक्रार नेहमीची. ओव्हन न तापवता फक्त आतला दिवा लावून त्यात गाठोडं ठेवा. फक्त ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवायला विसरू नका. माझ्या बहिणीने मटकीचे भाजके दाणे एकदा खाल्ले आहेत.

मोड दाण्याएवढे झाले की थांबायचं. बोटभर लांब गेले की उसळीत त्यांची केसांसारखी गुंतवळ होते आणि चवही गवतासारखी लागते. बुळबुळीत हात लागला किंवा कुबट वास आला तर फेकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आणल्याने सुक्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं, आणि लोह अडवून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं. पण जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जंतूंनाही आवडते. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांनी कच्चे मोड खाऊ नयेत. पाच मिनिटं वाफवावेत. फोडणी दिलेली उसळ कच्च्या वाटीभर मोडांपेक्षा चविष्टही लागते, हे माझं ठाम मत.

वाल सोलायचे आणि बिरडं करायचं

बिरडं म्हणजे सोललेल्या वालांची उसळ. हे एक सविस्तर सांगते, कारण यूट्यूबवर दोन मिनिटांत उरकतात.

मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवायचे. साल सैल होते. दाणा अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा, मोडाच्या उलट्या टोकाला हलकेच दाबायचं, की डाळिंबी मोडासकट सुळकन बाहेर येते. जोरात दाबली तर भिंतीवर जाते. पाव किलो वाल सोलायला एकटीला पाऊण तास लागतो. म्हणून हे काम कधी एकटीने करायचं नसतं. शेजारच्या काकूंना चहा द्यायचा आणि परातीपुढे बसवायचं. सोललेल्या डाळिंब्या पाण्यातच ठेवा, नाहीतर काळ्या पडतात.

पसरट पातेल्यात तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद, थोडं तिखट. त्यावर निथळलेल्या डाळिंब्या अगदी हलक्या हाताने परतायच्या. पातेल्यावर खोलगट ताटली, ताटलीत पाणी. हे पाणी तापलं की तेच, गरम, थोडं थोडं डाळिंब्यांत घालायचं. गार पाणी घालू नका. पळीने ढवळू नका. फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून पातेलंच हलवायचं. दहा-बारा मिनिटांनी एक डाळिंबी बोटात दाबून बघा. सहज चेपली की मगच मीठ, गूळ, दोन-तीन आमसुलं, चमचाभर गोडा मसाला. एक वाफ, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. प्रत्येक डाळिंबी अखंड दिसली पाहिजे आणि जिभेवर विरघळली पाहिजे. कुकरमध्ये केलंत तर पिठलं होईल, आणि वालाचं पिठलं कुणालाच नको असतं.

शिजवताना

बिरड्यात आमसूल शेवटी का? आंबटाने दाण्याची साल आणि गर घट्ट राहतो. चिंच, टोमॅटो, आमसूल, दही, काहीही असो, दाणा मऊ झाल्यावरच घालायचं. राजमा टोमॅटोच्या ग्रेव्हीत शिजत ठेवला तर संध्याकाळ होते. उलट कधी आंबटाचा फायदाही घेता येतो: मऊ झालेल्या मटकीत आमसूल टाकलं की ती पुढे फुटत नाही.

बोअरिंगच्या जड पाण्यात कडधान्य शिजत नाही ही तक्रार खरी आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे साल कडक राहते. अशा ठिकाणी फिल्टरचं पाणी घ्या. चिमूटभर सोडा टाकला तर दाणा झटकन मऊ होतो, पण सोड्याने ब१ जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. मी फक्त जुन्या छोल्यांना घालते, तोही नखभर.

मोडाची मटकी आणि मूग उघड्या पातेल्यात दहा मिनिटांत होतात. भिजवलेल्या चवळीला कुकरच्या दोन शिट्ट्या. मसुराला दोन शिट्ट्या किंवा पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं. हरभरा, छोले, राजमा यांना शिट्ट्या मोजण्यापेक्षा एक शिट्टी झाली की आच मंद करून वीस मिनिटं द्या आणि वाफ आपोआप जिरू द्या; दाणे फुटत नाहीत. कुळथांना पाच-सहा शिट्ट्या लागतात, आणि त्यांचं शिजलेलं पाणी ओतून दिलंत तर कोकणातलं कुणी तुमच्याशी बोलणार नाही. त्याचं कळण करायचं: लसूण, आमसूल, फोडणी, भातावर. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, आणि डाळीत चमचाभर तेल टाका. फेस वर चढून वाफेचं भोक बंद करतो.

दोन ठिकाणी हलगर्जी नको

कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा काही तासांत उलट्या-जुलाब करू शकतात. अर्धवट शिजलेला तर कच्च्यापेक्षा जास्त बाधतो, कारण मंद आचेवर, उकळी न येता ठेवलं तर ते विष मरत नाही, वाढू शकतं. म्हणून भिजवलेलं पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळून किमान दहा मिनिटं उकळा, मग हवी ती आच ठेवा. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही. परदेशातल्या संथ शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात मात्र कोरडा राजमा थेट टाकू नका. वाघ्या घेवड्यालाही हाच नियम.

दुसरी लाख किंवा लाखोळी. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत होते. दुष्काळात दुसरं काही नसताना महिनोनमहिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली की तिच्यातल्या विषारी घटकाने पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणं आहेत; १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, पुढे विषाचं प्रमाण कमी असलेली वाणंही निघाली. अधूनमधून वरणात खाणाऱ्यांना तसा धोका नसतो. पण तूरडाळीत भेसळ म्हणून ती येते. तूरडाळ गोलसर, लाखोळीचे दाणे कोनेदार, पाचरीसारखे. ताटात पसरली की वेगळे दिसतात.

पोटात गेल्यावर

कडधान्यांत काही साखरा अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू होतो. वात धरणं म्हणतात ते हेच. भिजवून पाणी टाकणं, मोड आणणं, पूर्ण मऊ शिजवणं यांनी त्या कमी होतात. हिंग, आलं, ओवा आपण घालतोच. सवय नसलेल्याने एकदम वाटीभर राजमा खाऊ नये. मुगाने सुरुवात करावी, मग मसूर, मग मटकी-चवळी. हरभरा, वाल, राजमा शेवटी. दोन-तीन आठवड्यांत पोट रुळतं.

किती खायचं? शंभर ग्रॅम सुक्या कडधान्यात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारताटात डाळी-कडधान्यं दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम धरली आहेत. अंडी-मासे-मांस खाणाऱ्यांसाठी तेही त्यातच. आपली वरणाची पातळ वाटी त्यापासून फार लांब आहे. एक वेळ दाट आमटी आणि दुसऱ्या वेळी उसळ किंवा पिठलं, असं धरलं तर जमतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

तांदूळ-ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी ते कडधान्यांत भरपूर, आणि कडधान्यांत जे कमी ते धान्यात. पिठलं-भाकरी, वरण-भात, मुगाची खिचडी यांत दोन्ही बाजू भरून निघतात. एकाच घासात खायला हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं तरी पुरे. वर लिंबू मात्र पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह अंगी लागतं.

डब्यात

भुंगा बहुधा शेतातूनच अंडी घालून आलेला असतो, डबा कितीही घट्ट असो. म्हणून आणल्यावर आधी दोन दिवस कडक ऊन, मग पूर्ण गार करून डब्यात. गरम भरलं तर आत पाणी सुटतं. फ्लॅटमध्ये ऊन नसेल तर फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेवून काढा आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. बोरिक पावडर चोळायची पद्धत मला पटत नाही; खायच्या वस्तूला लावावी अशी ती वस्तू नाही. एरंडेलाचा पुसटसा हात चालतो. आई अजून वाल आणि कुळीथ चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळवून ठेवते आणि लागतील तसे चाळून काढते.

डब्यावर महिना-वर्ष लिहा. नवीन माल जुन्यावर ओतू नका. वर्ष उलटलं की दाणा शिजायला नखरे करतो, त्यात गणंग वाढतात.

असे जुने कुळीथ किंवा हुलगे टाकून देऊ नका. लोखंडी कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, गार झाल्यावर भरडून सालं पाखडा आणि बारीक दळून आणा. त्याचं कोकणात पिठलं होतं, देशावर माडगं आणि शेंगोळे. पाव किलोत चार माणसांची तीन-चार जेवणं निघतात.